अमेरिकेतला आरोग्य विमा: राज्याच्या नियमांवर विसंबताना या चुका टाळा

एडिसनमधल्या आमच्या ओळखीच्या एक ताई एका रविवारी विम्याचं कार्ड घेऊन आमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी येऊन बसल्या. मुलाला २६ पूर्ण होऊन तीन महिने उलटले होते. कुणीतरी त्यांना सांगितलं होतं, 'न्यू जर्सीत ३१व्या वर्षापर्यंत मुलं आईवडिलांच्या विम्यावर राहतात, काही काळजी करू नका.' त्या भरवशावर त्या थांबल्या. मग एचआरने नाही म्हटलं. राज्याच्या विमा खात्याला फोन केला, तर 'हे आमच्या अखत्यारीत येत नाही' असं उत्तर मिळालं. मी कार्ड उलटं केलं. मागे तळाशी, बारीक अक्षरांत, विमा कंपनीच्या नावाआधी 'अ‍ॅडमिनिस्टर्ड बाय' असे दोन शब्द होते.

म्हणजे विमा कंपनी फक्त कागदपत्रं सांभाळत होती. उपचारांचे पैसे नोकरी देणारी कंपनी स्वतःच्या खिशातून भरत होती. अशा योजनेला सेल्फ-फंडेड म्हणतात. तिला १९७४ चा एरिसा हा केंद्रीय कायदा लागू होतो आणि राज्यांचे विमा नियम तिच्यापर्यंत पोहोचत नाहीत. मुलांना २६ पर्यंत ठेवण्याचा नियम केंद्राचा, तो सगळीकडे चालतो. ३१ चा नियम मात्र न्यू जर्सीत काढलेल्या, विमा कंपनीकडून रीतसर विकत घेतलेल्या पॉलिसींपुरता आहे. त्यातही मुलाचं लग्न झालेलं नसावं, त्याला स्वतःचं मूल नसावं, आणि हप्ता वेगळा भरावा लागतो.

सगळ्यात जास्त नुकसान याच चुकीने होतं. आपण राहतो त्या राज्याचा कायदा आपल्या विम्याला लागू होतोच, असं आपण धरून चालतो. पण घर जर्सीत आणि मालकाने पॉलिसी पेनसिल्वेनियात काढलेली असेल, तर साधारणपणे नियम पेनसिल्वेनियाचे. म्हणून एचआरला ईमेलवर, लेखी, एवढंच विचारा: प्लॅन फुली इन्शुअर्ड (म्हणजे विमा कंपनीकडून विकत घेतलेला) आहे की सेल्फ-फंडेड, आणि पॉलिसी कुठल्या राज्यात इश्यू झाली आहे? टेक्सासमध्ये राहणाऱ्यांचं काम सोपं आहे. तिथे राज्याच्या नियमाखालच्या विम्याच्या कार्डावर 'टीडीआय' किंवा 'डीओआय' (विमा खात्याची इंग्रजी आद्याक्षरं) छापलेलं असतं. सेल्फ-फंडेड योजनेची तक्रार राज्याकडे नाही, केंद्राच्या कामगार खात्यातल्या ईबीएसएकडे करायची.

ताईंच्या मुलाला कोब्राखाली, म्हणजे नोकरीतून मिळालेला विमा सुटल्यावर तोच स्वतःच्या पैशाने पुढे चालू ठेवू देणाऱ्या केंद्रीय कायद्याखाली, ३६ महिने तोच विमा ठेवता आला असता. पण ते प्लॅनला कळवायची मुदत ६० दिवसांची, आणि ती गेली होती. स्वतंत्र पॉलिसी घ्यायचे ६० दिवसही गेले होते. त्याला १ नोव्हेंबरला सुरू होणाऱ्या वार्षिक नोंदणीची वाट बघावी लागली. तोवर साधी कणकण आली तरी त्या माऊलीच्या पोटात गोळा यायचा. ती नोंदणी संपायची तारीख राज्यागणिक वेगळी असते, बदलतेही. मागच्या वर्षीच्या आठवणीवर राहू नका, आपल्या राज्याच्या साइटवर त्या वर्षीची तारीख बघा.

नोकरी गेल्यावर कोब्रा आहेच, असंही समजू नका. केंद्राचा कोब्रा २० किंवा अधिक कर्मचाऱ्यांच्या कंपन्यांसाठी आहे. नोकरी गेल्यास त्यात १८ महिने मिळतात आणि हप्ता पूर्ण रकमेच्या १०२ टक्क्यांपर्यंत जातो. कंपनी त्याहून लहान असेल तर राज्याचा नियम बघायचा, आणि तिथे फरक मोठा आहे: न्यू जर्सीत १८ महिने, कॅलिफोर्नियात ३६, टेक्सासमध्ये ९. मुदतीही वेगळ्या. कोब्रा निवडायला ६० दिवस मिळतात, न्यू जर्सीच्या छोट्या कंपनीच्या योजनेत फक्त ३०. एच-१बी या कामाच्या व्हिसावर असणाऱ्यांची यात हमखास गल्लत होते. नोकरी गेल्यावरचे व्हिसाचे ६० दिवस आणि विम्याचे ६० दिवस या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, कॅलेंडरवर वेगवेगळ्या लिहा. शिवाय कोब्रा घेतला आणि परवडत नाही म्हणून मध्येच आपणहून सोडला, तर तेवढ्या कारणाने बाजारातली पॉलिसी लगेच मिळत नाही.

छोटा व्यवसाय असलेल्यांसाठी थोडं. एलएलसीत (छोट्या खाजगी कंपनीत) फक्त नवरा-बायको असतील तर ग्रुप विम्यासाठी केंद्राच्या व्याख्येत तो 'ग्रुप' होत नाही. मालक आणि त्याचा जोडीदार सोडून किमान एक खरा कर्मचारी लागतो. स्मॉल ग्रुप म्हणजे बहुतेक राज्यांत ५० कर्मचाऱ्यांपर्यंत, पण कॅलिफोर्निया आणि न्यूयॉर्कसारख्या काही राज्यांत १०० पर्यंत. कर्मचारी पात्र ठरल्यावर त्याला विम्यासाठी ९० दिवसांहून जास्त थांबवता येत नाही, आणि हे दिवस शनिवार-रविवार धरून मोजायचे. '९० दिवस भरले की पुढच्या महिन्याच्या १ तारखेपासून' असं तुमच्या कागदावर लिहिलेलं असेल तर आजच दुरुस्त करा. पुरेसे कर्मचारी सामील होत नाहीत म्हणून विमा कंपनीने नकार दिला, तरी दरवर्षी १५ नोव्हेंबर ते १५ डिसेंबर या काळात ती अट लावता येत नाही. बऱ्याच दुकानदारांना आणि कन्सल्टिंगवाल्यांना या महिन्याचा पत्ताच नसतो.

भारतातली मेडिक्लेम चालू आहे म्हणून इथला विमा न घेणं ही आणखी एक महागडी चूक. केंद्राचा दंड २०१९ पासून शून्य झाला, पण न्यू जर्सी, मॅसॅच्युसेट्स, कॅलिफोर्निया, ऱ्होड आयलंड आणि वॉशिंग्टन डीसी यांचा स्वतःचा दंड आहे. तो टॅक्स भरताना समोर येतो, आणि भारतातली पॉलिसी तिथे धरली जात नाही.

आणि आईबाबा येतात तेव्हा. आधीचा आजार आहे म्हणून नकार द्यायचा नाही, हे संरक्षण २०१४ पासून वैयक्तिक आणि स्मॉल ग्रुप पॉलिसींना आहे. व्हिजिटर विम्याला ते नाही. बाबांना मधुमेह, आईला रक्तदाब असेल तर 'अ‍ॅक्यूट ऑनसेट' (आधीचा आजार अचानक बळावणं) या कलमाची व्याख्या, वयाची अट आणि कमाल रक्कम तिकीट काढायच्या आधी नीट वाचा. आपण इथे त्यांचा हात धरून असतो, पण कागदावर तो आधार नसतो.

क्लेम नाकारला गेला तर फोनवर वाद घालत बसू नका. नकाराचं पत्र हातात घ्या, त्यावरची तारीख बघा. कंपनीकडे अपील करायला १८० दिवस असतात. तिथेही नकार आला आणि प्रश्न वैद्यकीय गरजेचा असेल, तर बाहेरच्या तज्ज्ञांकडून फेरतपासणी मागायला साधारण चार महिने मिळतात. कॅलिफोर्नियात मदत मागताना आधी बघा, तुमचा प्लॅन डिपार्टमेंट ऑफ मॅनेज्ड हेल्थ केअरकडे आहे की डिपार्टमेंट ऑफ इन्शुरन्सकडे. ती दोन वेगळी खाती आहेत. डॉक्टरांकडून उपचार का हवा होता याचं पत्र घ्या, अपिलाला जोडा, आणि पाठवलेल्या प्रत्येक कागदाची प्रत घरी ठेवा.