प्रोबेट करताना या चुका टाळा

आत्या गेल्यावर तिच्या मृत्युपत्राची एक्झिक्युटर, म्हणजे त्यात लिहिल्याप्रमाणे सगळं मार्गी लावणारी, म्हणून माझं नाव निघालं. त्यासाठी प्रोबेटचा, म्हणजे मृत्युपत्र खरं असल्याच्या कोर्टाच्या मान्यतेचा, अर्ज करायचा होता. झेरॉक्स स्वच्छ यावी म्हणून मी मूळ मृत्युपत्राची स्टेपलची पिन काढली आणि नंतर दुसरी मारली. कोपऱ्यात दोनाची चार भोकं झाली. अर्ज तपासणाऱ्यांनी विचारलं, याला आणखी एखादं पान जोडलेलं होतं का? नव्हतं. पण तसं प्रतिज्ञापत्र करून द्यावं लागलं आणि काम तेवढं लांबलं. म्हणून मूळ प्रतीला लावलेलं काही काढू नका, नवीन काही लावू नका. लॅमिनेशन तर नकोच. ही प्रत जिवापाड जपा. मृत व्यक्तीकडेच असलेलं मृत्युपत्र नंतर सापडलं नाही, तर तिने ते स्वतःच फाडून रद्द केलं असावं असं कोर्ट धरू शकतं.

सगळ्यांत महागात पडते ती वाटपाची घाई. नातेवाईक विचारत राहतात आणि आपल्यालाही वाटतं, देऊन मोकळं व्हावं. पण क्रम ठरलेला असतो. आधी अंत्यविधीचा आणि प्रोबेटचा खर्च, मग कर आणि देणी, आणि उरेल त्यातून वारसांचे वाटे. देणी भागवायला मालमत्ता पुरली नाही, तर वारसांना सहसा पदरचे पैसे भरावे लागत नाहीत. मात्र एक्झिक्युटरने आधीच वाटून टाकलं आणि मागाहून सावकार उभा राहिला, तर ती रक्कम एक्झिक्युटरच्या खिशातून जाऊ शकते. ज्यांचे पैसे देणं आहे त्यांच्यासाठी जाहीर नोटीस द्या, तिची मुदत संपू द्या, आणि तोवर कोणी कितीही आग्रह केला तरी थांबा.

"माझ्याकडे तिचं मुखत्यारपत्र आहे" म्हणून मृत्यूनंतर खात्यातून पैसे काढणारे बरेच भेटतात. माणूस गेला की मुखत्यारपत्रही संपतं. एटीएम कार्डाचंही तसंच. हॉस्पिटलचं बिल भरायचं असलं तरी बँकेला कळवून, तिच्या पद्धतीनेच भरा.

विम्याचे किंवा संयुक्त खात्याचे पैसे बहुधा प्रोबेटच्या बाहेरून जातात, त्यामुळे ते सरसकट मालमत्तेच्या यादीत धरू नका. नॉमिनी त्या पैशांचा मालक होतो की वारसांसाठी ते सांभाळणारा, हे देशागणिक आणि कधी योजनेगणिकही बदलतं. वकिलाला हे पहिल्याच भेटीत विचारा.

आठवण म्हणून कोणी घड्याळ उचलतं, कोणी बांगड्या. मनात काही नसतं, पण पुढे भांडणं होतात ती यावरूनच. काहीही हलण्याआधी प्रत्येक खोलीचे, कपाटांच्या आतलेसुद्धा फोटो काढा. वस्तूंची किंमत मृत्यूच्या तारखेची लिहा, आजची नव्हे. घर रिकामं असेल तर विमा कंपनीला कळवा, कारण बऱ्याच पॉलिसींत 30 किंवा 60 दिवसांनंतर रिकाम्या घराचं संरक्षण कमी होतं. मृत्यूच्या दाखल्याच्या प्रती सुरुवातीलाच जास्त घ्या.

हिशेबासाठी वेगळं खातं उघडा, स्वतःचे पैसे त्यात मिसळू नका. आणि शेवटचा वाटा देताना थोडी रक्कम मागे ठेवा. आत्याचं सगळं मिटलं असं समजून मी फाईल बांधून ठेवली होती, तेव्हा तिच्या शेवटच्या वर्षाच्या कराची नोटीस आली. राखून ठेवलेल्या रकमेतून ती भरली आणि मगच खातं बंद केलं.