गडद निळी भिंत : डबा उघडण्याआधीची तयारी

फिका रंग भिंतीचे दोष पोटात घालतो, गडद निळा ते चव्हाट्यावर आणतो. त्यामुळे यादीची सुरुवात भिंतीपासून. निळा म्हणजे इथे शाईकडे, किंचित राखाडीकडे झुकणारा. मोरपंखी वेगळा, त्यात हिरवा असतो. हिशेबासाठी फ्लॅटमधली 12 बाय 10 फुटांची एक भिंत धरू.

पहिली तपासणी ओलीची. दीड फूट चौरस पारदर्शक प्लास्टिक चारही बाजूंनी टेपने घट्ट चिकटवा आणि एक दिवस तसंच राहू द्या. आतून दव धरलं तर रंगकाम थांबवून गळती शोधा. बाथरूमला लागून असलेली किंवा पावसाचा मारा खाणारी भिंत असेल तर संशय आधी तिथेच घ्यावा. ओलीबरोबर क्षार बाहेर येतात. पांढऱ्या भिंतीवर हा लोणा चटकन दिसत नाही, निळ्यावर मात्र पीठ सांडल्यासारखा दिसतो. नवा गिलावा किमान 28 दिवस वाळू द्या. मुंबई-कोकणात हे काम दसऱ्यानंतर काढलेलं बरं. दमट हवेत गडद रंग फार सावकाश वाळतो आणि शेडसाठी घातलेल्या पेस्टमधले साबणासारखे घटक वर येऊन चिकट ओघळ दिसतात. ओल्या फडक्याने ते निघतात, पण पुन्हाही येतात.

जुना चुना किंवा डिस्टेंपर असेल तर तळहात फिरवून बघा. पूड लागली तर खरवडून काढा, नाहीतर वरचं इमल्शन पापुद्र्यांसकट सुटेल. चुन्यातच निळा करायचा असेल तर प्रशियन निळा नको, चुन्याने तो तपकिरी पडतो. पुडीतली नीळ, म्हणजे अल्ट्रामरीन, टिकते.

मग लांबीचे, म्हणजे भिंत सपाट करणाऱ्या पुट्टीचे, दोन हात (थर), पहिला वाळल्यावरच दुसरा. आधी 180 नंबरच्या पॉलिश पेपरने घासा, शेवटी 320 ने. रात्री दिवे बंद करून टॉर्च भिंतीला टेकवून आडवा धरा: पट्टीच्या रेघा, खिळ्यांचे खड्डे, सगळं सावलीत उघडं पडतं. पेन्सिलीने खुणा करून पुन्हा भरा. रंगाऱ्यांना हा भाग उरकायची घाई असते, तेव्हा टॉर्च आपल्याच हातात असावा. इलेक्ट्रिशियनचं काम, एसीचं भोक, पडद्यांचे ब्रॅकेट आणि छताचा रंग हे सगळं याच टप्प्यावर संपवा, कारण गडद भिंतीवर नंतर लावलेला पॅच ठिगळासारखा दिसतो. लांबीची धूळ पुसल्याशिवाय प्रायमर लावू नका.

प्रायमर पांढराच ठेवला तर निळ्याचे चार हातही कमी पडू शकतात. गडद शेड ज्या बेसमध्ये, म्हणजे शेडची पेस्ट घालण्याआधीच्या मूळ रंगात, बनते, त्यात खालचं झाकणारं टायटॅनियम डायऑक्साइड फारच थोडं असतं; महाग असूनही हा रंग पहिल्या हाताला पारदर्शक वाटतो तो त्यामुळे. पाण्यावरच्या प्रायमरमध्ये काळा स्टेनर, म्हणजे रंगछटेचं दाट द्रव्य, घालून मध्यम राखाडी करून घ्या. लिटरला 10 मिलीपासून सुरुवात करा आणि ढवळत वाढवा.

शेड कार्डावरचा बोटभर चौकोन बघून निर्णय घेऊ नये. दोन फुटी पुठ्ठ्यावर, कडेला पांढरी चौकट न ठेवता, दोन हात मारा. सकाळी, दुपारी आणि रात्री दिव्याखाली, खिडकीजवळ आणि समोरच्या कोपऱ्यात तो ठेवून बघा. पिवळ्या 2700 केल्विनच्या दिव्यात थंड निळा मळका, काळपट होतो. 6500 च्या ट्यूबखाली दवाखान्यासारखा. 4000 बहुतेक घरांना मानवतो.

आता खरेदी. तीन हात म्हणजे 360 चौरस फूट. एका हाताला लिटरमागे 100 ते 120 धरले तर 3 ते 3.6 लिटर. 4 लिटर एकाच वेळी बनवून घ्या आणि डबे अनेक असतील तर सगळे एका बादलीत एकत्र करा, नाहीतर दोन डब्यांतला फरक भिंतीच्या मधोमध दिसतो. मॅट, म्हणजे बिनचमकीचा, घेतला तर खुर्ची घासली तिथे पांढरट, चकचकीत डाग उठतात. सॅटिन, म्हणजे हलक्या चमकीचा, पुसता येतो, पण लांबीची प्रत्येक चूक दाखवतो. मुलं असतील तर सॅटिन, आणि मग टॉर्चचं काम दुप्पट मनावर घ्या.

पाणी डब्यावर लिहिलंय तेवढंच, मापून. शेजारच्या पांढऱ्या भिंतीवर मास्किंग टेप लावली की टेपच्या निळ्याकडच्या कडेवर आधी तोच पांढरा रंग फिरवा. फटी त्याने बुजतात आणि निळा खाली झिरपत नाही. पंखा बंद ठेवा. ब्रशने कडा आणि लगेच रोलर, असं एका कोपऱ्यापासून दुसऱ्यापर्यंत न थांबता जा. मध्ये चहा झाला तर जोडाची पट्टी कायमची राहते. दोन हातांमध्ये डब्यावरच्या वेळेपेक्षा दोन-तीन तास जास्त द्या. शेवटचा हात ओलसर असतानाच टेप तिरपी ओढून काढा. धुऊन पुसायची घाई पहिले तीन-चार आठवडे नको. उरलेला रंग घट्ट झाकणाच्या बरणीत भरा आणि वर शेडचा कोड, बेस, फिनिश आणि तारीख लिहा.