सुलोचनादीदींच्या चित्रपटांची सूची कशी करावी

निपाणी-चिकोडीकडच्या एखाद्या वाचनालयात सुलोचनादीदींच्या चित्रपटांची सूची लावायची असेल, तर आधी नावाचा गुंता सोडवा. सुलोचना तिघी आहेत. आपल्या सुलोचनादीदी म्हणजे अभिनेत्री सुलोचना लाटकर, खडकलाटच्या, जन्म ३० जुलै १९२८. दुसऱ्या रुबी मायर्स, मूकपटांतल्या तारका. १९७३ चा फाळके पुरस्कार त्यांचा, आणि उतारवयातल्या हिंदी भूमिकाही 'सुलोचना' याच नावानं. तिसऱ्या लावणीगायिका सुलोचना चव्हाण, माहेरच्या कदम. इंटरनेटवरच्या याद्यांत तिघींची सरमिसळ सापडते. १९३० च्या आसपासची नायिका दिसली तर ती नोंद सरळ वगळा. पुढच्या काळासाठी मात्र चित्रपट लावून श्रेयनामावली थांबवून वाचा: नाव भूमिकांच्या पाटीवर आहे की पार्श्वगायनाच्या, आणि चेहरा कुणाचा?

वहीत सात रकाने आखा: चित्रपट, भाषा, दिग्दर्शक, सेन्सॉरची तारीख, प्रदर्शनाचं वर्ष, भूमिका, पुरावा. सुरुवात खात्रीच्या नोंदींनी करा. मीठभाकर (१९४९), वहिनींच्या बांगड्या (१९५३), सुजाता (१९५९), मोलकरीण (१९६३), मराठा तितुका मेळवावा (१९६४).

वर्षात चूक हमखास होते. सुरुवातीच्या प्रमाणपत्रावरची तारीख सेन्सॉरची. डिसेंबरात संमत झालेला चित्रपट पुढच्या वर्षी लागू शकतो. गाण्यांच्या चोपडीवर बहुधा वर्ष नसतंच. जुन्या वर्तमानपत्रातली स्थानिक जाहिरात तर आणखी फसवी, कारण मुंबई-पुण्यात येऊन गेलेला चित्रपट आपल्याकडे तंबूत बऱ्याच उशिरा लागायचा. जाहिरातीत 'नवी प्रत' दिसली की तो पुन्हा लागलेला चित्रपट समजा.

भूमिकेच्या रकान्यात नुसतं 'आई' लिहू नका. दीदींचं काम त्या एका शब्दात पुसलं जातं. पात्राचं नाव, नातं आणि पेच लिहा. सुजातामधली चारू ही वाढवलेल्या पोरीला 'मुलगी' न म्हणता 'मुलीसारखी' म्हणणारी आई आहे. मराठा तितुका मेळवावामध्ये जिजाऊ.

जन्मस्थळापुढे 'कर्नाटक' एवढंच लिहिलं तर १९२८ साठी ते चूक ठरतं. जिल्हा तेव्हा मुंबई इलाख्यात होता; राज्य बदललं १ नोव्हेंबर १९५६ ला. 'खडकलाट, ता. चिकोडी, जि. बेळगाव (तत्कालीन मुंबई इलाखा)' असं लिहा.

चोपड्या लॅमिनेट करू नका, कागद कायमचा अडकतो. गंजलेल्या पिना काढा, खुणा पेन्सिलीनंच करा, फोटो फ्लॅशविना खिडकीच्या उजेडात घ्या.