कमी पैशांत विद्यापीठाच्या इमारतींची वीजबचत: सुरुवात रात्रीच्या मीटरपासून

वीज वाचवायची म्हटलं की आधी खरेदीची यादी होते. ती बाजूला ठेवा. पहिला आठवडा प्रत्येक इमारतीच्या मीटरचं रीडिंग रात्री अकराला आणि पहाटे पाचला लिहा. फरकाला सहाने भागलं की रिकाम्या इमारतीचा सरासरी भार किलोवॅटमध्ये मिळतो. मीटर सीटीवर (मोठा प्रवाह कमी करून मीटरला देणारा करंट ट्रान्सफॉर्मर) असेल तर त्याचा गुणक लावा, नाहीतर आकडा कैक पटींनी कमी दिसतो. रात्री 18 किलोवॅट भार दहा तास चालला, तर महिन्याला 5,400 युनिट कोणाच्याही उपयोगाविना जातात. सगळ्यात स्वस्त बचत इथेच आहे.

मग सुरक्षारक्षकाला सोबत घेऊन रात्री फेरी मारा. हमखास सापडतात ते वॉटर कूलर, चालू राहिलेले एसी, संगणक कक्ष आणि स्वच्छतागृहांचे एक्झॉस्ट. संगणकांना स्लीपची सेटिंग सर्व्हरवरून एकदाच लावता येते. कूलरला टायमर बसवा, पण साधा प्लग टायमर लावू नका. कॉम्प्रेसर सुरू होताना प्रवाह अनेक पट वाढतो आणि टायमरचे संपर्कबिंदू जळतात. टायमरने कॉन्टॅक्टर (मोठा भार चालू-बंद करणारा विजेवर चालणारा स्विच) चालवा, भार कॉन्टॅक्टरवर ठेवा.

पंखे बदलताना तास मोजा. जुना पंखा 75 वॅट घेतो, बीएलडीसी (ब्रश नसलेल्या डीसी मोटरचा) पंखा साधारण 30. वर्षाला 2,000 तास चालणाऱ्या वर्गात एका पंख्यामागे 90 युनिट वाचतात. क्वचित उघडणाऱ्या सभागृहात पंखा बदलून पैसे निघणारच नाहीत. बीएलडीसी बसवताना भिंतीवरचा जुना रेग्युलेटर काढून साधं बटण ठेवा, नाहीतर आतलं सर्किट बिघडतं. एलईडी ट्यूब जुन्या पट्टीतच बसवायची असेल तर चोक आणि स्टार्टरचं काय करायचं हे त्या ट्यूबच्या वायरिंग आकृतीवरूनच ठरवा. काही ट्यूबना वीज एकाच टोकाला लागते, काहींना दोन्ही टोकांना. फिटिंगवर तशी चिठ्ठी चिकटवा. पुढच्या इलेक्ट्रिशियनच्या जिवाचा प्रश्न आहे.

हालचाल ओळखणारे सेन्सर जिने आणि स्वच्छतागृहांत चांगले. परीक्षेच्या हॉलमध्ये नकोत, तिथे सगळे स्तब्ध बसतात. स्वच्छतागृहात दाराआडचा माणूस सेन्सरला दिसत नाही, म्हणून दिवा बंद होण्याची वेळ 10 ते 15 मिनिटं ठेवा.

मध्यवर्ती एसी असेल तर फिल्टर धुणं आणि ढिले पट्टे ताणणं आधी. हवेचा पंखा 80 टक्के वेगाने चालवला तर वीज निम्म्यावर येते, कारण ती वेगाच्या घनाप्रमाणे बदलते. व्हीएफडीचा (मोटरचा वेग कमी-जास्त करणाऱ्या उपकरणाचा) खर्च म्हणूनच फक्त रोज बरेच तास चालणाऱ्या मोठ्या मोटरवर करा.

प्रयोगशाळेत मात्र घाई नको. फ्यूम हूडची (घातक वाफा बाहेर खेचणाऱ्या कपाटाची) काच खाली ठेवणं सुरक्षेसाठी नेहमीच योग्य, पण स्थिर प्रवाहाच्या, म्हणजे काच कुठेही असली तरी तेवढीच हवा खेचणाऱ्या हूडमध्ये त्याने वीज फारशी वाचत नाही. उणे 80 अंशांचा फ्रीजर उणे 70 वर आणायचा तर नमुन्यांच्या जबाबदार संशोधकाची लेखी संमती घ्या. बर्फ साचलेला असेल तर आधी तो काढा आणि दाराचं रबर तपासा.

दर महिन्याला रात्रीची तीच दोन रीडिंग पुन्हा घ्या. सुट्टीतला महिना मागच्या वर्षीच्या सुट्टीशीच ताडून पाहा.