एअर रायफलची रेल आणि स्कोपचं माउंट: या चुका टाळा

काल झिरो केलेली, म्हणजे नेम धरू तिथेच छर्रा लागेल अशी जुळवलेली रायफल आज दोन बोटं वर मारू लागली की पहिला संशय स्कोपवर (नेमाच्या दुर्बिणीवर) जातो आणि दुसरा पेलेटवर, म्हणजे छर्ऱ्यावर. स्कोप बसवायच्या ज्या रेलवर सगळा भार असतो तिच्याकडे शेवटी लक्ष जातं, तेही गेलं तर. माझं स्पष्ट मत आहे की स्कोप बदलण्याआधी रेल आणि माउंट (स्कोपला रेलवर धरून ठेवणारी पकड) ही जोडी तपासावी. काम सुरू करण्यापूर्वी रायफल रिकामी आहे आणि कॉक केलेली (झाडायला सज्ज) नाही, याची खात्री करा.

‘११ मिमी’ वाचून माउंट घेणं

बहुतेक एअर रायफलच्या रिसीव्हरवर (नळीमागच्या मुख्य भागावर) दोन समांतर खाचा कापलेल्या असतात. हीच डव्हटेल रेल. तिला सरसकट ११ मिमी म्हणतात, पण प्रत्यक्ष रुंदी साधारण ९.५ मिमीपासून १३ मिमीपर्यंत आढळते. खाचेचा कोनही सगळीकडे सारखा नसतो, कुठे ४५ अंश तर कुठे ६० अंश. कोन जुळला नाही तर माउंटचा जबडा पूर्ण अंगाने बसत नाही, फक्त धारेने चावतो. हाताला घट्ट लागतं, पण काही छर्ऱ्यांनंतर सरकतं. माउंट काढून पाहा: रेलवर एकच चकचकीत बारीक रेघ उमटली असेल तर जबडा धारेवरच टेकतो आहे. स्क्रू आणखी आवळून हे सुटत नाही, उलट खाच खराब होते. कॅलिपरने रुंदी मोजा आणि त्या मापाला व कोनाला चालणारं माउंट घ्या.

वीव्हर आणि पिकाटिनी एकच समजणं

या आडव्या खाचा असलेल्या दोन प्रकारच्या रेल. लांबून दोन्ही सारख्याच दिसतात, रुंदीही जवळपास तीच, २१ मिमीच्या आसपास. फरक आडव्या खाचांमध्ये आहे. वीव्हरची खाच सुमारे ४.६ मिमी रुंद असते आणि दोन खाचांमधलं अंतर ठरलेलं नसतं. पिकाटिनीची खाच सुमारे ५.२ मिमी, आणि एका खाचेच्या मध्यापासून पुढचीच्या मध्यापर्यंत १० मिमी. १९९५ साली अमेरिकी लष्कराने ‘मिल-स्टँडर्ड-१९१३’ म्हणून ही मापं पक्की केली. त्यामुळे वीव्हरचं माउंट पिकाटिनीवर बहुधा बसतं, पण पिकाटिनीच्या माउंटचा जाड आडवा बोल्ट वीव्हरच्या खाचेत उतरत नाही. तो खाचेच्या काठावर टेकलेला असताना आवळला की माउंट किंचित उचललेलंच राहतं.

स्प्रिंग रायफलचा धक्का ओळखता न येणं

सर्वांत जास्त स्कोप इथे खराब होतात. स्प्रिंग गनचा (स्प्रिंगच्या जोराने हवा दाबणाऱ्या रायफलचा) पिस्टन पुढे झेपावतो तेव्हा रायफल मागे जाते, आणि पुढे दाबलेल्या हवेवर पिस्टन अडला की रायफल पुढे हिसका खाते. स्कोपला मात्र जागेवरच राहायचं असतं, म्हणून रायफल पुढे निसटते आणि माउंट रेलवर हळूहळू मागे सरकत येतं. केवळ पकडीच्या जोरावर हे थांबत नाही, त्याला अडसर लागतो. म्हणूनच अनेक स्प्रिंग रायफलच्या रिसीव्हरवर छोटं भोक असतं आणि माउंटच्या तळाला स्टॉप पिन. पिन भोकात नीट उतरली पाहिजे. ती लांब असेल आणि भोकाच्या तळाला टेकत असेल तर माउंट वर उचललं जातं आणि जबडे सैल बसतात, म्हणून पिनची लांबी बेताची ठेवा. भोक नसेल तर माउंटच्या मागे वेगळा स्टॉप लावा.

पिकाटिनी रेल असेल तर तिच्या खाचाच अडसराचं काम करतात, पण तिथेही एक गफलत होते. दारूगोळ्याच्या बंदुकीच्या सवयीने बरेच जण माउंट पुढे ढकलून आवळतात. स्प्रिंग गनवर ते मागे ओढून, आडवा बोल्ट खाचेच्या मागच्या भिंतीला टेकवून आवळावं. नाहीतर तेवढ्या मोकळ्या जागेत ते सरकेल आणि झिरो जाईल. पीसीपीला (आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणाऱ्या रायफलला) धक्का जवळजवळ नसतोच, तिथे चांगली डव्हटेल पुरेशी आहे.

स्कोपही एअर रायफलसाठी बनवलेलाच हवा. फक्त एका दिशेचा धक्का सोसायला बनवलेल्या स्कोपची आतली भिंगं पुढच्या हिसक्याने हलू शकतात.

टरेट फिरवत राहणं

ब्रेक बॅरल (नळी वाकवून छर्रा भरायच्या) रायफलची नळी बरेचदा स्कोपच्या रेषेपेक्षा किंचित खाली झुकलेली असते. छर्रा खाली लागतो, म्हणून माणूस उंचीचा टरेट (नेम वर-खाली करायची स्कोपवरची फिरती टोपी) वर वर चढवतो. पण तो टोकाजवळ गेला की स्कोपच्या आतल्या नळीला धरून ठेवणारी स्प्रिंग सैल पडते आणि रेटिकल (स्कोपमधली नेमाची फुली) प्रत्येक धक्क्याला हलतं. ग्रुप, म्हणजे लागलेल्या छर्ऱ्यांचा पुंजका, विनाकारण पसरतो. यावर उपाय माउंटमध्ये आहे: मागची बाजू थोडी उंच असलेलं किंवा उंची बदलता येणारं माउंट घ्या आणि टरेट मधोमध आणून ठेवा.

डव्हटेलवर पिकाटिनी अ‍ॅडॅप्टर लावताना स्कोप वर चढतो, गाल स्टॉकवर टेकत नाही आणि डोळा दर वेळी वेगळ्या जागी येतो. सरळ डव्हटेलचं माउंट मिळत असेल तर अ‍ॅडॅप्टर टाळाच.

बाकी, रेल आणि जबड्यांवरचं तेल पुसून घ्या, स्कोपला वेढणाऱ्या रिंगचे स्क्रू तिरक्या क्रमाने थोडे थोडे आवळा, आणि किती आवळायचे ते माउंटसोबतच्या पत्रकातून घ्या. सगळं झाल्यावर माउंटच्या मागच्या कडेला रेलवर पेन्सिलीची रेघ ओढा. काही गोळ्या झाडून झाल्यावर कड रेघेच्या मागे गेलेली दिसली तर दोष माउंटच्या पकडीत आहे, आणि रेघ जागेवर असूनही ग्रुप फिरत असेल तर आता स्कोप आणि पेलेट तपासायला घ्या.