चार्टर पार्टीच्या ड्राफ्टमधली बदललेली ओळ अशी पकडा

चार्टर पार्टी म्हणजे जहाज भाड्याने घेण्याचा करार. त्याच्या ड्राफ्टवर जेन्कॉन (बिमको या जहाजवाहतूक संघटनेचा छापील नमुना) लिहिलेलं असलं की छापील भाग कोणी वाचत नाही, आणि नेमका तिथेच एखादा शब्द बदललेला असतो. डोळ्यांनी शोधत बसू नका.

१. आधी वर्ष बघा, १९९४ चा फॉर्म आणि २०२२ चा फॉर्म वेगळे आहेत. रीकॅपमध्ये (ठरलेल्या अटींच्या सारांशात) नुसतं जेन्कॉन असेल तर वर्ष लिहून घ्याच.
२. बिमकोच्या साइटवरून त्याच वर्षाची नमुना प्रत घ्या, समोरच्याकडून ड्राफ्ट वर्डमध्ये मागवा आणि वर्डच्या कंपेअरमध्ये (दोन प्रतींमधला फरक दाखवणाऱ्या सोयीत) दोन्ही टाका, खोडलेलं-घातलेलं सगळं रंगात दिसतं.
३. लेटाइमचं, म्हणजे माल चढवण्या-उतरवण्यासाठी ठरलेल्या वेळेचं, कलम मात्र स्वतः वाचा. १९९४ च्या फॉर्ममध्ये जहाज तयार असल्याची नोटीस दुपारी १२ पर्यंत दिली तर वेळ १ वाजता सुरू होते, त्यानंतर ऑफिसच्या वेळेत दिली तर पुढच्या कामाच्या दिवशी सकाळी ६ ला. इथला एक आकडा हलला की डेमरेजचा (ती वेळ उलटल्यावर द्यायच्या भरपाईचा) अख्खा हिशोब फिरतो, म्हणून मी तर सुरुवातच इथून करते.

एक सांभाळा: फॉर्मच्या पहिल्या भागातल्या, तपशील भरायच्या चौकटी कंपेअर झाल्या तरी नीट वाचा, कारण छापील कलमांच्या दुसऱ्या भागाशी विसंगती आली तर पहिला भागच चालतो.