घरातल्या वयस्कर माणसाचं मन कसं सांभाळायचं

आधी "वय झालंय, असं होणारच" हे म्हणणं बंद करा. सतत उदास राहणं हा म्हातारपणाचा भाग नाहीये, तो आजार (डिप्रेशन) असू शकतो आणि वय कितीही असलं तरी त्यावर उपचार असतात.

अडचण ही की ही माणसं "मला उदास वाटतंय" असं सहसा म्हणतच नाहीत. अंग दुखतंय, झोप नाही, जेवण जात नाही म्हणतात, रिपोर्ट सगळे नॉर्मल येतात आणि मग घरचे वैतागतात. त्यामुळे तक्रारीपेक्षा बदल बघा. पेपर शेवटच्या पानापर्यंत वाचणारे आजोबा आता घडीसुद्धा मोडत नाहीत, फोन समोर वाजतोय तरी उचलत नाहीत... असं 2 आठवडे चाललं तर डॉक्टरकडे न्याच. चालू असलेल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून सोबत न्या, थायरॉइड, बी12 तपासायचं का ते विचारा. विसरायला लागले म्हणजे डिमेन्शियाच (स्मरणशक्ती हळूहळू जाण्याचा आजार) असं नाही, डिप्रेशनमध्येही विसरायला होतं. पण एक-दोन दिवसांत अचानक असंबद्ध बोलायला लागले तर त्याच दिवशी दाखवा, लघवीच्या इन्फेक्शननेही असं होतं.

कान तर तपासाच! नीट ऐकू येत नाही म्हणून माणूस चारचौघांत गप्प बसतो, हळूहळू खोलीबाहेर येईनासा होतो आणि आपण म्हणतो स्वभाव बदलला.

आणि प्लीज, प्रेमापोटी हातातली कामं काढून घेऊ नका. "तुम्ही बसा, आम्ही करतो" हे रोज ऐकून आपली गरज संपली असंच वाटतं. हिशोब, झाडं, जे जमतं ते त्यांच्याकडेच राहू दे, वेळ लागला तर लागू दे, आणि घरातल्या निर्णयात खरंच विचारा, नुसतं विचारल्यासारखं नको.

"बरे आहात ना?" म्हटलं की "हो" येणारच. त्यापेक्षा "रात्री जाग आली की काय विचार येतात?" असं विचारा आणि मग गप्प बसून ऐका. "आता जगून काय करायचं" असं म्हणाले तर "असं बोलू नये" म्हणून विषय बदलू नका, जीव द्यावासा वाटतो का हे सरळ विचारा, विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. हो म्हणाले तर एकटं सोडू नका, गोळ्यांचा साठा हलवा, त्याच दिवशी सायकियाट्रिस्टला गाठा.

डिप्रेशनच्या गोळ्यांचा फरक दिसायला काही आठवडे लागतात, वयस्कर माणसांत कधी जास्तच, त्यामुळे आठवड्यात "काही उपयोग नाही" म्हणून बंद करू नका, आणि बरं वाटल्यावर पण डॉक्टरला विचारूनच कमी करा.